५२००-१९४३ ची जोडी घेताना

अँप्लिफायर दुरुस्तीत सर्वात जास्त नक्कल भेटते ती तोशिबाच्या सी५२०० आणि ए१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरच्या जोडीची. बाहेरून ओळखणं कठीण. अ‍ॅसिटोनने पुसून छपाई निघाली तर माल नक्कीच संशयास्पद, पण हल्ली नकली मालावरही लेझरने अक्षरं कोरतात, त्यामुळे न निघाली म्हणून खरा समजू नका. मल्टिमीटरवरचा एचएफई (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) तर निव्वळ दिशाभूल करतो. नकली तुकडाही तिथे छान आकडा दाखवतो.

खरी गोम आतल्या चिपच्या आकारात असते. १५ अँपिअर, २३० व्होल्टच्या ट्रान्झिस्टरला मोठी चिप लागते. नकलीत बहुधा लहान चिप भरलेली असते, आणि लहान चिपची कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कमी भरते. म्हणून कपॅसिटन्स मोजणारा एलसीआर मीटर घ्या, ट्रान्झिस्टर सर्किटबाहेर ठेवा, एमिटरचा पाय मोकळा सोडा आणि कलेक्टर-बेस या उरलेल्या दोन पायांमधली कपॅसिटन्स मोजा. कंपनीच्या डेटाशीटमध्ये १० व्होल्टला सी५२०० ची २०० आणि ए१९४३ ची ३६० पिकोफॅरड दिली आहे. मीटर जवळपास शून्य व्होल्टवर मोजतो, तेव्हा आकडा याहून बराच जास्त यायला हवा. कमी आला की तुकडा दुकानदाराला परत. जुन्या, चांगल्या सेटमधला खात्रीचा तुकडा जपून ठेवलात तर तुलना आणखी सोपी.

बसवल्यावर पहिल्यांदा वीज देताना सीरिज बल्ब (वीज येण्याच्या वाटेत एकसरीत जोडलेला साधा बल्ब) लावाच. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा माल घेतलात तरी बिल मागा. बिलाचं नाव काढताच चेहरा बदलणारे दुकानदारही आहेत.