ओव्हरक्लॉक करायचंय? मग आधी मदरबोर्डचं नाव वाचा

भाच्याने दुकानदाराच्या भरवशावर आय५-१२६००के प्रोसेसर आणि बी६६० मदरबोर्ड आणला. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी रात्री जोडणी केली, कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. ओव्हरक्लॉक, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, यासाठी बायोस (बोर्डची सेटिंग्ज) उघडलं, तर मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) वाढतच नाही. 'के'साठी मोजलेले जादा पैसे पाण्यात. पोराचा उतरलेला चेहरा बघून ठरवलं, हे नीट लिहायचं.

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के', 'केएफ' किंवा 'केएस' असलेल्या प्रोसेसरचाच मल्टिप्लायर मोकळा, म्हणजे बदलता येणारा असतो, आणि तो वापरायला झेड चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य कंट्रोल चिप; बोर्डच्या नावात तिचंच नाव असतं) लागतो. बाराव्या ते चौदाव्या पिढीला झेड६९० किंवा झेड७९०. बी६६०, बी७६० वर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा नाही. सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) मात्र सगळीकडे एलजीए १७००च. त्यामुळे चिप बसते, विंडोज चालू होतं, आणि चूक लक्षातच येत नाही.

एएमडीचं सोपं आहे. त्यांचे बहुतेक रायझन प्रोसेसर मोकळे असतात (५८००एक्स३डी नाही) आणि बी४५०, बी५५०, बी६५० बोर्ड पुरतात. ए५२०, ए६२० घेऊ नका. बजेट बेताचं असेल तर मी रायझन ५ ५६०० आणि बी५५० हीच जोडी सांगतो. जुना बी४५० मिळत असेल तर दुकानातच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर ५६०० ओळखलाच जाणार नाही.

आता व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला हवं तेवढं व्होल्टेज देणारा बोर्डवरचा भाग. अंबडला मी पॅनेल वायरिंग करतो, म्हणून हे मला जास्त जाणवतं. प्रोसेसर १.२५ व्होल्टवर १२५ वॅट खात असेल, तर करंट होतो १०० अँपिअर! आमच्याकडे एवढ्या करंटला बोटाएवढी जाड केबल टाकतात. इथे तो सॉकेटशेजारच्या नखाएवढ्या मॉस्फेटमधून (व्हीआरएममधल्या स्विचसारख्या चिप्समधून) जातो. त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा जाड हीटसिंक नसलेला बोर्ड झेड चिपसेटचा असला तरी परत ठेवा. मॉस्फेट तापले की बोर्ड स्वतःच वेग खाली आणतो, मग ओव्हरक्लॉक करून काय मिळवलं? आठ पिनची सीपीयू पॉवर केबलही पूर्ण आत बसली का, बोटाने दाबून बघा.

वाढवताना एका वेळी १०० मेगाहर्ट्झच. दरवेळी अर्धा तास स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) लावा आणि तापमानावर नजर ठेवा. हँग झालं तर एक पायरी खाली या; व्होल्टेज वाढवायचंच असेल तर अगदी थोडं. स्क्रीनच आली नाही तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. ओव्हरक्लॉकमुळे चिप गेली तर वॉरंटी मिळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

शेवटची टेस्ट डिसेंबरच्या थंडीत उरकू नका. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि खोली जितकी तापेल तितकी चिपही. भाच्याने पुढे बोर्ड बदलून झेड६९० घेतला. त्याची टेस्ट आम्ही मेच्या दुपारी तीनला, खिडकी बंद ठेवून लावली. सगळे पी-कोअर (प्रोसेसरमधले जास्त ताकदीचे कोअर) ५ गिगाहर्ट्झवर टिकले.