गवती चहा कापताय? मग ओला ढीग घालू नका

परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय आणि नाशिकच्या दिंडोरी, पेठकडं गवती चहाला विळा लागलाय. म्हणून आधी हेच सांगतो: कापलेल्या ओल्या पाल्याचा ढीग घालू नका. एक रात्रसुद्धा नको. तेल काढायच्या भट्टीवर नंबर लागेपर्यंत पाला ताडपत्रीखाली दडपला जातो आणि सगळी मेहनत तिथंच आंबते.

असल्या ढिगात मी हात घालून पाहिलाय. वरून हिरवागार, पण कोपरापर्यंत हात गेला की आत वाफ. लिंबाचा वास गेलेला, मुरघासासारखा आंबूस दर्प. त्या पाल्याचं तेल निघालं, पण काळपट. व्यापाऱ्यानं नमुना तपासला आणि भाव पाडला.

भाव ठरतो तो तेलाला लिंबाचा वास देणाऱ्या सिट्रालवर. चांगल्या तेलात ते 75 ते 85 टक्के असतं. सिट्राल म्हणजे जेरॅनिअल आणि नेरल ही जोडी. दोन्ही अल्डिहाइड, म्हणजे सहज बिघडणारी रसायनं, म्हणून ऊब, हवा, ऊन, आंबटपणा यातलं काहीच त्यांना सोसत नाही. रोशा या दुसऱ्या सुगंधी गवताच्या तेलात मुख्यतः जेरॅनिऑल असतं, ते त्या मानानं टिकतं. शिवाय रोशा फुलोऱ्यात कापतात. गवती चहाचं तेल पात्यात असतं, फुलाची वाट पाहू नका.

कांद्याची चाळ रिकामी झाली असेल तर तिच्यात वीतभर थर पसरा. खालून वारा खेळतो. एक दिवस सावलीत सुकला की भट्टीत पाला जास्त बसतो, जळण वाचतं. उन्हात टाकाल तर तेल उडून जाईल. माझा अंदाज असा: पात बोटाला गुंडाळावी, न मोडता वळली की भट्टी लावावी.

बाकीची कामं:
- पहिली कापणी लागवडीनंतर 90 दिवसांनी, पुढच्या 50–60 दिवसांनी
- जमिनीपासून 10–15 सेंमी वर कापणी
- मग खुरपणी, नत्राचा हप्ता
- बुंध्याशी पाणी तुंबू न देणं

तेलातलं पाणी काढायला लिटरला 20–30 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट टाका, मग गाळा. ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये काठोकाठ भरून अंधारात ठेवा. फवारणीचे जुने प्लास्टिक कॅन आणि लोखंडी डबे नकोतच.

दुकानदार 'तेल वाढवणारं' टॉनिक गळ्यात मारतील. त्यानं कुणाचा कॅन जास्त भरलेला मी पाहिला नाही. ते पैसे भट्टीवाल्याला विसार म्हणून द्या, तारीख पक्की करा, आणि तोवर विळा लावू नका.