खाऱ्या पाण्याची नवी टाकी: मासे सोडायची घाई नको

पाणी नितळ दिसलं म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट वेगळ्या बादलीत विरघळवा (स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही) आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की टाकीत ओता. तापमान २५-२६ अंश, पंप चालू, लाइट बंद. नाहीतर नुसतं शेवाळ माजतं.

आता माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवायचे, यालाच सायकल म्हणतात. त्यांना खाद्य म्हणून १०० लिटरला ०.६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला, अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. बाटलीतले जिवाणू सोबत टाकले तर बरं. काही दिवसांनी अमोनिया उतरतो, त्यापासून बनणारं नायट्राइट चढतं आणि तिथेच अडकून बसतं. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. नायट्राइट खाणारे जिवाणू उशिरा जम बसवतात, तेवढ्यात आणखी अमोनिया ओतत राहू नका. दोन्ही शून्यावर आले की पुन्हा २ पीपीएम द्या. २४ तासांत परत दोन्ही शून्य झाले तर सायकल पूर्ण. याला ३ ते ६ आठवडे लागतात.

मग नायट्राइटपासून शेवटी बनलेलं नायट्रेट उतरवायला निम्मं पाणी बदला आणि आधी एखादी क्लाउनफिशची जोडीच सोडा. आटलेल्या पाण्याच्या जागी मात्र बिनमिठाचं आरओ पाणीच घाला, कारण मीठ उडून जात नाही.