कोणता प्रश्न कोणाला विचारायचा? कॅन्सरच्या उपचारांत समाजमाध्यमांचा वापर

बायॉप्सीचा अहवाल ज्या संध्याकाळी हाती पडतो, त्याच संध्याकाळी तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि रात्रीची जेवणे आटोपेपर्यंत डोंबिवलीची मावशी, पुण्याचे काका व सोसायटीतील हितचिंतक यांच्याकडून व्हिडिओ, काढ्यांच्या कृती आणि ‘अमुक वैद्यांना एकदा दाखवाच’ असे निरोप येऊ लागतात. आमच्या ठाण्याच्या घरी आईच्या आजारपणात हेच घडले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे आम्ही ठरवलेले नसल्यामुळे पहिले दोन आठवडे उत्तरे देण्यात आणि एकमेकांची समजूत घालण्यातच गेले.

म्हणून पहिले काम असे, की घरातील एका व्यक्तीने निरोप देण्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी नवा ग्रुप काढण्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट सोयीची पडते, कारण तिच्यात एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसत नाही आणि चर्चा रंगत नाही. मात्र ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो, हे लक्षात असू द्यावे. काय सांगायचे आणि काय नाही, हे रुग्णाला विचारूनच ठरवावे. आजार त्याचा आहे आणि तो कोणाला कळावा याचा अधिकारही त्याचाच. अहवाल कोठेही टाकण्यापूर्वी नाव, केस नंबर, मोबाइल नंबर आणि बारकोड झाकावेत. मोबाइलवरील पेनाने खरडलेल्या रेघेखालचा मजकूर कधी कधी दिसू शकतो, तेव्हा तो भाग कापून टाकणेच बरे.

रुग्णांचे ग्रुप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नांसाठी. किमोच्या दिवशी डबा कोणता न्यावा, तोंड आल्यावर काय गिळता येते, केस गळू लागण्यापूर्वीच ते बारीक करून घ्यावेत का, परळच्या टाटा मेमोरिअल या कॅन्सर रुग्णालयात जाण्यासाठी ठाण्याहून कोणत्या वेळची लोकल सोसवते, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरिअलच्याच केंद्रात जायचे असेल तर ट्रान्स हार्बर मार्गाची पनवेल लोकल थेट खारघर स्थानकात उतरवते पण तेथून पुढे रिक्षा कशी मिळते, या गोष्टी ज्याने त्या केल्या आहेत तोच नीट सांगू शकतो. डॉक्टरांना ओपीडीत एवढा वेळ नसतो आणि बऱ्याचदा याची माहितीही नसते. अशा सोबतीचे मोल परदेशातील रुग्णांनी फार आधी ओळखले होते: स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या जोडी शोगर आणि अ‍ॅलिसिया स्टेली या दोघींनी जुलै 2011 मध्ये ट्विटरवर ‘बीसीएसएम’ (ब्रेस्ट कॅन्सर सोशल मीडिया) या हॅशटॅगखाली नियमित गप्पा सुरू केल्या, पुढे डॉ. डिएना अटाय या शल्यचिकित्सक त्यांना येऊन मिळाल्या, आणि रुग्ण व डॉक्टर एकाच चर्चेत बोलू लागले.

मात्र औषधाचा डोस, किमो पुढे ढकलणे, गोळी बंद करणे किंवा सोबत दुसरे काही सुरू करणे यांतील एकही प्रश्न ग्रुपवर टाकू नये. ‘मलाही स्तनाचाच कॅन्सर होता’ हे वाक्य दिलासा देणारे असले, तरी हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या गाठीच्या तपासण्यांचे निकाल वेगळे असतील तर दोघींचे उपचार वेगळे असतात. समोरच्या व्यक्तीला लागू पडलेली गोष्ट खरी असूनही आपल्यासाठी चुकीची असू शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट तापाची. किमो सुरू असताना ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक भरला, तर मोबाइल खाली ठेवावा आणि रुग्णालयाने दिलेल्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून निघावे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो, आणि डॉक्टरांना पाठवलेल्या निरोपावर निळ्या खुणा उमटण्याची वाट पाहण्याइतका वेळ तेव्हा हाती नसतो.

व्हिडिओंचे काय करावे? अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार प्रमुख कॅन्सरविषयीचे समाजमाध्यमांवरील सर्वांत लोकप्रिय 200 लेख तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा 32.5 टक्के लेखांत चुकीची माहिती आढळली आणि अशाच लेखांना प्रतिसाद अधिक मिळालेला दिसला. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी हळद, कडुनिंब आणि विशिष्ट आहाराला पत्नीच्या कॅन्सरमुक्तीचे श्रेय दिले, तेव्हा टाटा मेमोरिअलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावे लागले, की या दाव्यांना पुरावा नाही आणि उपचार लांबवू नयेत. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि किमोथेरपी झालेली होती; पुढे सरकत गेलेल्या तुकड्यांत नेमके तेच मागे पडले. म्हणून कोणताही व्हिडिओ पाहताना रुग्णाने आणखी कोणते उपचार घेतले होते, हा प्रश्न आधी विचारावा. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने निषिद्ध आहे, हेही नातेवाइकांना सांगण्यासारखे आहे.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ या युक्तिवादाला मी गुळवेलीचे उदाहरण देतो. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. परंतु ज्याचे यकृत आधीच किमोची औषधे पचवत आहे, त्याने हा वाद स्वतःच्या शरीरावर सोडवण्याचे कारण नाही. घरात जे काही चालू आहे, अगदी काढासुद्धा, ते न लाजता डॉक्टरांना सांगावे.

आता डॉक्टरांविषयी. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हॉट्सॲपवरूनही सल्ला देता येतो, पण तो द्यायचा की प्रत्यक्ष बोलवायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि औषधाच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. मॉर्फिनसारखी अमली पदार्थ कायद्याखालील औषधे या मार्गाने लिहून देता येत नाहीत; त्यामुळे वेदनेच्या गोळ्या संपत आल्या असतील तर चार दिवस आधीच भेट ठरवावी. डॉक्टरांना लिहिताना ‘कसे आहात सर’ने सुरुवात करून थांबू नये. रुग्णाचे नाव, केस नंबर, कितवी किमो, शेवटची किमो कोणत्या तारखेला झाली, त्रास कधीपासून, ताप किती आणि नेमका प्रश्न, हे सर्व एकाच निरोपात असावे. पेट स्कॅनच्या फिल्मचा खिडकीपाशी धरून काढलेला फोटो कोणालाच वाचता येत नाही. लिखित अहवालाची पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि सीडी भेटीच्या वेळी न्यावी. त्या संवादात आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद ठेवावेत, नाहीतर डोसची सूचनाच नाहीशी होते.

इन्स्टाग्रामवरील डॉक्टरांना पारखण्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे ऑगस्ट 2023 चे नियम कामी येतात. ते त्याच महिन्यात स्थगित झाले, पण रुग्णांचे फोटो व स्कॅन टाकू नयेत, लाइक्स विकत घेऊ नयेत या त्यातील सूचना मोजपट्टी म्हणून आजही चांगल्या आहेत. दुसरे मत हवे असेल तर अनोळखी खात्याला अहवाल पाठवण्यापेक्षा टाटा मेमोरिअल आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा वापरावी.

पैशांचे आवाहन पुढे पाठवायचे असेल, तर देणगी थेट रुग्णालयातील रुग्णाच्या खात्यात भरता येते का हे रुग्णालयालाच विचारावे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. रुग्णांच्या ग्रुपवर एखाद्या सकाळी ज्यांनी कालपरवा आपल्याला आवळ्याच्या वाटीचा फोटो पाठवला होता, त्यांच्याच निधनाची बातमी येते आणि पाठोपाठ शंभर हात जोडलेली चित्रे येतात. किमोच्या आदल्या रात्री आईने हे पाहू नये म्हणून आम्ही ग्रुप तिच्या मोबाइलवरून काढून माझ्याकडे घेतला. अर्थात तिला विचारूनच. रुग्णाला नको वाटेल तेव्हा ग्रुप म्यूट करावा किंवा सरळ बाहेर पडावे, आणि त्यासाठी निरोपाचे चार शब्द लिहिण्याचीही गरज नाही.