छपाईची ऑर्डर कोणी दिली?

एमए राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी श्रीलंकेतल्या सिंहली-तमिळ संघर्षावर शोधनिबंध केला. ऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर नकाशा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “इंग्रज १९४८ ला गेले. सिंहलीला एकमेव राजभाषा करणारा कायदा १९५६ चा. मधली आठ वर्षं तुमच्या निबंधात कुठे आहेत?”

मी म्हणाले, “मॅडम, ते फोडा आणि राज्य करा हे धोरण...”

“तेव्हा राज्य कोण करत होतं?”

बस. पुढचे तीन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत. त्या दिवशी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून ओझरची गाडी पकडली आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

वसाहतवाद, वांशिक संघर्ष आणि विकास हा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. व्याख्या तुम्हाला येतात असं धरून चालते. त्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. मी ज्या खड्ड्यात पडले तो मात्र पुस्तकात दाखवलेला नसतो, आणि नाशिककर तर त्यात हमखास पडतो. आपण लहानपणापासून कान्हेरे, जॅक्सन, १९०९ (नाशिकच्या इंग्रज कलेक्टरला कान्हेरेंनी गोळी घातली ते) हे ऐकत वाढलो. इंग्रजांवरचा राग आपल्याला शिकावा लागत नाही. त्यामुळे कुठल्याही देशात दंगल दिसली की पेन आपोआप ‘साम्राज्यवाद्यांनी’ असं लिहायला लागतं.

ते खोटं नाही, हे आधीच सांगते. श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्यात मिशनऱ्यांच्या शाळा जास्त निघाल्या, तिथली तमिळ मुलं इंग्रजी शिकली, सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसू लागली. चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी दक्षिण भारतातून मजूर नेले. (हे मळ्यांवरचे तमिळ वेगळे आणि जाफन्याचे वेगळे. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन्ही एकच होते. हसू नका, तुमच्याही असतील.) म्हणजे सरपण इंग्रजांनी रचलं. पण १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरच्या लाखो तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं ते स्वतंत्र सिलोनच्या (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) संसदेने. १९५६ ची निवडणूक भाषेवर जिंकली ती ऑक्सफर्डला शिकलेल्या सिंहली नेत्या बंदरनायकेंनी, आणि ते पंतप्रधान झाले. १९५७ मध्ये त्यांनीच तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला, आणि भिक्खूंच्या दबावाखाली १९५८ मध्ये मोडला. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागतील अशी पद्धत आली. १९८१ ला जाफन्याचं ग्रंथालय जळालं, १९८३ च्या जुलैत कोलंबो. यातलं एकही साल इंग्रजांच्या राजवटीतलं नाही. दोन सिंहली पक्ष एकमेकांवर वरचढ बोली लावत होते आणि पणाला लागल्या होत्या नोकऱ्या. हा मधला भाग लिहिला नाही तर तुमचं उत्तर म्हणजे निम्मा रस्ता.

मला हे नीट कळलं ते मात्र घरात. माझे सासरे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, प्रेसमधून निवृत्त झालेले. मी त्यांना रवांडाबद्दल सांगत होते: बेल्जियमने १९३३-३४ च्या सुमारास ओळखपत्रं दिली, त्यावर हुतू, तुत्सी, त्वा असं छापलं, आधीही हे गट होते, पण गुरंढोरं वाढली, लग्नं झाली की माणूस इकडचा तिकडे होऊ शकायचा, कार्डाने ते बंद केलं. आणि १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड तपासून तुत्सी माणसं मारली. शंभर दिवसांत पाच ते आठ लाख, काही अंदाज त्याहून जास्त.

बाबा म्हणाले, “बेल्जियमवाले कधी गेले?”

“१९६२ ला.”

“मग अगं, १९३३ चं कार्ड १९९४ पर्यंत टिकतं होय? मेलेल्यांची रद्द झाली असतील, जन्मलेल्यांना नवी लागली असतील. गोरे गेल्यावर छपाईची ऑर्डर कोणी दिली?”

चाळीस वर्षं कागद मोजलेला माणूस तो. माझ्या गाइडना दोन वर्षांत जे सांगता आलं नाही ते त्यांनी चहा संपायच्या आत विचारलं. बत्तीस वर्षं स्वतंत्र रवांडाचं सरकार तो रकाना छापत राहिलं, कारण शाळा, नोकऱ्या, जागा यांचं वाटप त्यावर चालत होतं. आता कुठलाही देश घेतला की मी आधी हेच शोधते: वसाहतीने काढलेला रकाना नंतर कोणी चालू ठेवला आणि त्यातून काय वाटलं गेलं.

अर्थकारणाचा भाग मुलं शेवटच्या परिच्छेदात कोंबतात. नका कोंबू. रवांडाचं परकीय चलन मुख्यतः कॉफीवर. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोलमडला आणि भाव गडगडले. एका पिकावर जीव टांगलेला असणं म्हणजे काय हे लासलगावात कांद्याच्या ट्रॉलीवर बसून रात्र काढलेल्याला समजवायला नको. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रवांडात यादवी युद्ध सुरू झालं. मात्र ‘भाव पडला म्हणून नरसंहार झाला’ असं लिहाल तर तोही तोच खड्डा, फक्त दुसऱ्या बाजूने. भाव पडला की लोक रस्त्यावर कांदे ओततात; शेजाऱ्याची यादी करायला कोणीतरी बसावं लागतं.

मलेशियाचा एक आकडा पाठच करा. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात मलय आणि इतर भूमिपुत्रांचा वाटा सुमारे २.४ टक्के. तो १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचा, हे १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणाचं उद्दिष्ट. सगळे इथे थांबतात. त्याच तक्त्यात परदेशी मालकांचा वाटा ६० टक्क्यांहून जास्त आहे, आणि १३ मे १९६९ च्या दंगलीत पेटली ती चिनी दुकानं. मोठा मालक लंडनमध्ये होता. दिसत होता तो कोपऱ्यावरचा वाणी. हे एक वाक्य लिहिलंत तर तपासणारा पेन खाली ठेवतो. (माझ्या वेळी तरी ठेवला.)

झेरॉक्स नोट्सबद्दल स्पष्टच बोलते. एका क्लासच्या नोट्सवर मी पहिली सेट (प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) दिली आणि आपटले. त्यात नायजेरिया असा होता: १९१४ ला इंग्रजांनी केलेलं उत्तर-दक्षिण एकत्रीकरण, बाण, १९६७ बियाफ्रा युद्ध (पूर्वेकडच्या इग्बोंनी वेगळा देश जाहीर केला ते). त्या बाणात १९५६ ला ओलोइबिरीला लागलेलं तेल नाही, १९६६ ची दोन लष्करी बंडं नाहीत, उत्तरेतली इग्बोंची कत्तल नाही. बाण दिसला की तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. त्यापेक्षा सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसा, एका देशाचा साधा इतिहास सलग वाचा. महिना जाईल. जाऊ द्या.

आणि घाबरू नका. चाळीस देश लागत नाहीत, चार पुरतात. पहिला मॉरिशस घ्या, कारण तिथे आपली माणसं आहेत. कोकणातून, घाटावरून करारावर ऊस तोडायला गेलेल्यांचे वंशज. तोच ऊस, तेच गोरे मळेवाले, भारतीय, क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), चिनी असे गट. १९६१ मध्ये जेम्स मीड या पुढे नोबेल मिळवलेल्या अर्थतज्ज्ञाने या बेटाचं भवितव्य अंधुक ठरवलं होतं. १९६८ मध्ये स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईसमध्ये दंगलही झाली. तरी पुढे श्रीलंका झाली नाही. निवडणुकीत मागे राहिलेल्या समाजांसाठी आठ जादा जागा ठेवल्या, १९७० पासून निर्यात कारखाने उभे केले, आणि युरोपात साखरेला चांगला भाव मिळत राहिला. वारसा तसाच, निकाल वेगळा. नशिबाचा वाटा किती आणि शहाणपणाचा किती, यावर माझं अजून स्वतःशीच भांडण चालू आहे. सेट दुसऱ्यांदा निघाली, तरी हे प्रकरण मी तिसऱ्यांदा लिहितेय.

त्या मॅडमना तो निबंध नंतर दुरुस्त करून पाठवला. आठ वर्षांसाठी एकोणीस पानं लागली.