आपली आवड कशी ओळखावी : सुरुवात घरातल्या चादरीपासून

‘मला नेमके काय आवडते?’ या प्रश्नाचे उत्तर नुसते विचार करत बसल्याने मिळत नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. कोणीतरी मन लावून घडवलेल्या वस्तूसमोर पुरेसा वेळ थांबावे, ती पुन्हा पुन्हा पाहावी आणि पाहिलेले लिहून काढावे, म्हणजे ते उत्तर हळूहळू वर येऊ लागते. सोलापुरात राहणाऱ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. एक साधी दोनशे पानी वही, रोजची वीस मिनिटे आणि एका संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंतचा काळ एवढी तयारी पुरेशी आहे.

पहिला महिना घरातल्या चादरीला द्यावा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे हे आपण अभिमानाने सांगतो, पण जिच्यावर लहानपणापासून झोपलो ती चादर आपण क्वचितच नीट पाहिलेली असते. ती उजेडात पसरावी आणि उलटून पाहावी. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी असेल, तर दुसऱ्या बाजूला तीच नक्षी पांढऱ्या जमिनीवर लाल रंगात दिसेल, कारण हे दुहेरी विणीचे कापड असते. दोन थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या कडेवर ते एकमेकांची जागा घेतात. कोणता उभा धागा केव्हा उचलायचा हे मागावरचे जॅकार्ड ठरवते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी पुढे आणलेल्या या पद्धतीत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ओळीने फिरत राहतात आणि आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीसाठी कोणते धागे वर घ्यायचे ते सांगतात.

वहीत पहिले पंधरा दिवस ‘सुंदर’ आणि ‘छान’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत, कारण ते लिहिले की पाहणे संपते. फक्त जे दिसते ते लिहावे: किती रंग आहेत, काठाची रुंदी किती बोटे आहे, फूल कुठे तुटते आणि कुठून पुन्हा सुरू होते. त्यानंतर नक्षीचा एक लहान तुकडा चौकटीच्या कागदावर उतरवावा. महिनाअखेर सगळी पाने सलग वाचली, तर आपली नजर सारखी कुठे जात होती हे कळते. मला भडक रंगांचे वेड आहे, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. माझ्या वहीत मात्र रंगाविषयी फारसे काही नव्हते. जवळजवळ प्रत्येक पान काठ कोपऱ्यावर कसा वळतो याविषयी होते. त्या वाचनानंतर मी घराची मांडणी बदलली, आणि माझ्या लिहिण्यातही फरक पडला.

शक्य झाल्यास सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात ओळखीच्या माणसाबरोबर, मालकाची परवानगी घेऊन जावे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली या विणकर समाजातल्या कुटुंबांनी हा व्यवसाय इथे रुजवला, त्यामुळे मागांच्या खडखडाटात तेलुगू कानांवर पडेल. विणकराच्या कामात अडथळा येऊ न देता त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘या नक्षीला तुम्ही काय म्हणता?’ मिळालेला शब्द, तो कोणत्याही भाषेतला असो, जसाच्या तसा वहीत लिहावा.

दुसरा टप्पा पोशाखाचा आहे. जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात आणि ते पेलणारे भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. बटणांऐवजी बंदांनी बांधायचा तो अंगरखा आहे. उंच, जड काठीचा तोल गर्दीतून सांभाळत चालणे हे अंगमेहनतीचे आणि बऱ्याच दिवसांच्या सरावाचे काम असते, म्हणून तो पोशाख नुसता शोभेचा वाटत नाही. यात्रा पाहून घरी आल्यावर आपले कपाट उघडावे आणि प्रत्येक कपड्यापुढे एकच गोष्ट लिहावी: हा घातल्यावर मी कसा उभा राहतो किंवा कशी चालते? किंमत, फॅशन आणि लोक काय म्हणतात हे बाजूला ठेवावे. ज्या चारपाच कपड्यांपुढे मोकळेपणाने लिहिता येते, तीच आपली शैली समजावी आणि पुढची खरेदी त्या धोरणाने करावी.

तिसरा टप्पा शब्दांचा, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांची ही यात्रा, ते बाराव्या शतकातले सिद्धराम हे कन्नड वचनकार, म्हणजे छोटी भक्तिपर गद्यकाव्ये रचणारे संत होते. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांच्या वचनांची मुद्रा, म्हणजे वचनात येणारी नाममुद्रा आहे. परंपरा असे सांगते की लोकांसाठी तलाव खोदण्यात गढून गेलेल्या या कर्मयोग्याकडे वचनकार संत अल्लमप्रभू आले आणि त्यांनी त्याची दृष्टी आत वळवली. मात्र खोदलेले तळे वाया गेले असे कोणी मानत नाही. सोलापूरचे सिद्धेश्वर मंदिर आजही त्या पाण्यातच उभे आहे. वर्षभर दर आठवड्याला एक वचन मराठी अनुवादात वाचावे, कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून मूळ रूपात ऐकावे आणि त्यातली एक ओळ पाठ करावी. तळ्याकाठी बसून ती मनात म्हणून पाहिली, तर अर्थाच्या आधी तिचा ताल अंगात भिनतो. कोणता ताल आपल्यात टिकतो याची नोंद ठेवावी.

नाटकांविषयी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात वर्षातून निदान तीन प्रयोग पाहावेत, आणि घरी पोहोचल्यावर झोपण्यापूर्वी, कोणाशीही चर्चा करण्याआधी, लक्षात राहिलेला एक क्षण लिहावा. दुसऱ्यांची मते कानांवर पडली की आपले मत शोधणे अवघड होते.

शेवटचे तीन महिने मात्र स्वतः काहीतरी घडवण्यासाठी राखून ठेवावेत. वहीत जे वारंवार आले असेल, त्यावरून माध्यम निवडावे: काठ आला असेल तर भरतकाम, ताल आला असेल तर गाणे किंवा कविता, उभे राहण्याची ढब आली असेल तर अभिनय. काम एकच, लहान आणि पूर्ण होणारे असावे. माझ्या वाट्याला एक रुमाल आला. त्याचे तीन कोपरे मी उसवून पुन्हा भरले आणि चौथा पहिल्याच प्रयत्नात जसा वळला तसाच ठेवला.