बायपॉड घेण्याआधी: एअर रायफलच्या टेकूची तयारी

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा टेकू. तो आणायला दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप आणि मदतीला एक माणूस एवढं जमवा. सरावाच्या जागी सतरंजी टाकून पालथं झोपा. रिकामी रायफल खांद्याला लावा, मान न ताणता डोळा नेमावर आला पाहिजे. जोडीदाराने जमिनीपासून पुढच्या लाकडाच्या बुडापर्यंतचं अंतर मोजायचं. सपाट जागी ते बहुतेकांचं 6 ते 9 इंचांत बसतं. वीतभर गवत असेल किंवा नेम चढाकडे असेल, तर 9 ते 13 इंचांचे पाय लागतात. बसून मारायचं असेल तर 13 ते 27 इंचांचा मोठा. “मोठाच घेऊ, सगळीकडे चालेल” हा हिशेब इथे फसतो, कारण उंच बायपॉड पूर्ण मिटवला तरी झोपून मारताना मान आखडेपर्यंत वर राहतो, शिवाय जड आणि डुगडुगता.

हे सगळं कागदी निशाण्यासाठी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. एअरगनने तितर, होला किंवा ससा मारणंही त्यातच आलं. उसात रानडुकरं शिरली तरी आधी वनखात्याकडे अर्ज आणि लेखी परवानगी, त्याशिवाय काही नाही. नळीचं छिद्र 0.177 इंच आणि छर्ऱ्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, पण खरेदीची पावती आणि माहितीपत्रक रायफलच्या पिशवीतच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमची रायफल कोणत्या जातीची आहे? आपल्याकडे बहुतेकांकडे नळी खाली वाकवून भरायची स्प्रिंगची असते. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे सरकते, मग पुढे झटका देते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. खाली बायपॉडचे ताठ पाय असले की हा झटका दर वेळी वेगळ्या तऱ्हेने उसळतो आणि 10 मीटरवरच छर्रे विखुरतात. लोक मग दुर्बिणीला दोष देतात. अशा रायफलला बायपॉड घेऊच नका. वाळूची पिशवी ठेवा, पिशवीवर डावा तळहात उघडा ठेवा, आणि तळहातावर रायफल नुसती विसावू द्या. मुठीत आवळायची नाही. पुढच्या लाकडाला पांढऱ्या टेपची खूण करा म्हणजे हात रोज त्याच जागी येईल. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला झटका जवळजवळ नसतो. बायपॉड खरा शोभतो तिला.

जोडणी पाहूनच बायपॉड निवडा. लाकडी दस्त्याला पट्ट्याची खुंटी म्हणजे स्लिंग स्टड असेल तर साधा पकडणारा चालतो, पिकाटिनी रेल म्हणजे खाचांची पट्टी असेल तर त्याचा वेगळा. स्टड नसेल आणि बसवायचा असेल, तर आधी दस्ता रायफलपासून सोडवा. न सोडवता ड्रिल घातलं की टोक थेट पोलादी नळकांड्यावर जातं. भोक स्क्रूच्या गाभ्याएवढंच पाडा आणि आट्यांना साबण लावा, नाहीतर लाकूड चिरतं. नळीला आवळायचा स्वस्त बायपॉड मात्र घेऊ नका. नळीवर जोर आला की नेम सरकतो. पाय खाचांचे असावेत, आणि वरचा भाग डावी-उजवीकडे कलणारा. जमीन तिरपी असली की रायफलही तिरपी होते, आणि 25 मीटरच्या पुढे ते कागदावर दिसायला लागतं. निशाण्यामागे ओळंबा टांगून ठेवा, दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्याशी जुळते का ते लगेच कळतं.

जमीनही बघा. पाटण-जावळीकडच्या कातळावर आणि मुरमावर पाय टणाटण उसळतात. खाली गोणपाटाची दुहेरी घडी घाला. वाळवा-मिरजेकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततात आणि प्रत्येक छर्ऱ्याला उंची बदलते. तिथे पायांखाली फळी ठेवा. बायपॉड टेकवल्यावर खांद्याने रायफल किंचित पुढे रेटा आणि तो रेटा दर वेळी सारखाच ठेवा.

पिशवी घरीच शिवा. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड दुहेरी शिवणीने बंद करा, चाळलेली वाळू उन्हात कोरडी करून पाऊण भरा. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते, रायफल तिच्यात बसत नाही. ओली वाळू शिवण कुजवते, आणि ज्वारी भरली तर पावसाळ्यात किडे होतात. दुसरी पिशवी मुठीएवढी, दस्त्याच्या मागच्या टोकाखाली ठेवायला. ती दाबली की नळी खाली येते, सैल सोडली की वर जाते.

उभ्याने सराव असेल तर सहा फुटी तीन बांबू, टोकापासून वीतभर खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेले. वरची बेचकीही ट्यूबनेच गुंडाळा.

स्पर्धेचा विचार असेल त्यांनी या सगळ्याची सवय लावून घेऊ नये. 10 मीटर एअर रायफल उभ्याने मारतात, टेकू न घेता. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायचा प्रकार) कांस्य घेतलं, त्या प्रकारातही गुडघ्यावर आणि झोपून मारताना दंडाला पट्टा असतो, बायपॉड नसतो.

पहिल्या दिवशी निशाण्यामागे मातीचा बांध हवा, पलीकडे वाट किंवा गोठा नको, आणि डोळ्यांना चष्मा सगळ्यांच्या. एकाच डबीतले 50 छर्रे घ्या. पहिले 5 नळी बसायला सोडून द्या. मग पिशवीवर 5-5 चे तीन गट, बायपॉडवर तीन, बांबूवर तीन, प्रत्येक कागदावर टेकूचं नाव लिहून. गटाची रुंदी सगळ्यात बाहेरच्या दोन छिद्रांमध्ये मोजा आणि ज्याची तिन्ही वेळा कमी आली, तोच टेकू ठेवा.